केरळच्या आधीचा केरळ समाज : सिंगापुरातील मलयाळी संस्थांची वाटचाल

सिंगापुरात १९१७ साली ‘केरळ समाजम’ ही संस्था निघाली, तेव्हा भारताच्या नकाशावर केरळ नावाचे राज्य नव्हते. उत्तरेकडचा मलबार जिल्हा मद्रास इलाख्यात मोडत होता, त्याच्या खाली कोचीन संस्थान आणि आणखी दक्षिणेला त्रावणकोर. कायदे वेगळे, कर वेगळे, राजे वेगळे. मलयाळम बोलणाऱ्यांचे एक राज्य व्हायला १ नोव्हेंबर १९५६ चा दिवस उजाडावा लागला. म्हणजे मायदेशी एकत्र येण्याच्या ३९ वर्षे आधी ही माणसे समुद्रापलीकडच्या एका बंदरात एका नावाखाली जमली होती. मराठी वाचकाला याचे फार नवल वाटू नये. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे आणि आपले राज्य १९६० चे. परक्या मुलुखात माणूस भाषेच्या आधाराने आधी घर बांधतो. राज्याची सीमा मागाहून आखली जाते.

समाजम ही संस्था आज ‘सिंगापूर मलयाळी असोसिएशन’ या नावाने ओळखली जाते आणि २०१७ मध्ये तिने शंभरी पूर्ण केली. सिंगापुरातल्या आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत एका शेजारी संस्थेचा इतिहास असावा, असे संपादक मंडळाने ठरवले आणि हे काम माझ्याकडे आले. पण लिहायला बसल्यावर दिसले ते असे, की इथल्या मलयाळी माणसाची हकिगत एका संस्थेच्या वहीत मावत नाही. समाजम आहेच, पण शेजारी मलबारी मुसलमानांची जमात आहे, नारायण गुरूंच्या अनुयायांचे मिशन आहे, नाविक तळावरच्या कामगारांची लायब्ररी आहे, सुरियानी ख्रिस्ती मंडळींची चर्चेस आहेत. एवढ्याशा समाजात इतक्या संस्था पाहिल्या, की आपल्याकडचा जुनाजाणता कार्यकर्ता मान हलवून ‘फूट पडली’ म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. या संस्था भांडणातून निघालेल्या नाहीत. गरज पडेल तशी एकेक निघाली, आणि म्हणूनच टिकली, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलायात रबराचे मळे पसरत होते. मोटारगाड्यांच्या टायरांसाठी जगाला रबर हवे होते आणि मळ्यांना माणसे. मजूर आले ते मुख्यतः तमिळ मुलुखातून. मलबार आणि त्रावणकोरमधूनही मजूर गेले, पण मलयाळी माणूस मलायात ओळखला गेला तो अधिक करून लेखणीमुळे. मिशनऱ्यांच्या आणि संस्थानी शाळांमुळे त्याच्याकडे इंग्रजी शिकलेल्या मुलांची संख्या वाढली होती आणि त्या मानाने घराजवळ नोकऱ्या नव्हत्या. एकत्र कुटुंबाच्या जमिनीवर तोंडे वाढत चालली होती. तेव्हा मॅट्रिकपर्यंत गेलेला मुलगा ओळखीच्या कोणाचे पत्र खिशात घालून मलायाला निघे. मळ्यावर हिशेबनीस, दवाखान्यात ड्रेसर, शाळेत मास्तर, सरकारी कचेरीत कारकून अशी कामे मिळत. गोऱ्या मॅनेजरच्या आणि तमिळ मजुरांच्या मधल्या पायरीवर तो उभा राहिला. ही पायरी सुखाची नसते. वरचा त्याला आपला मानत नाही आणि खालचा त्याच्यावर विश्वास टाकत नाही. अशा माणसाला संध्याकाळी बसायला स्वतःची जागा लागते. समाजमची गरज इथे होती.

प्रवास सोपा नव्हता. आगगाडीने मद्रास किंवा नागपट्टणम गाठायचे आणि तिथून बोट धरायची. या बोटींपैकी ‘रजुला’ दक्षिण भारतीयांच्या तीन पिढ्यांना ठाऊक आहे. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट १९२६ साली पाण्यात उतरली आणि १९७३ पर्यंत मद्रास ते सिंगापूर अशी खेप करत राहिली. बहुतेक जण डेक पॅसेंजर. वर उघडा डेक, अंगाखाली आपली आपण आणलेली चटई, उशाशी पत्र्याची ट्रंक. पेनांग आधी, सिंगापूर शेवटी. उतरणारा बहुधा एकटा पुरुष असे. बायकामुले गावाकडे, आणि दर महिन्याला मनीऑर्डर. या एकटेपणाची काळजी घेणे हेच त्या काळच्या संस्थांचे खरे काम. नव्याने उतरलेल्याला खोली बघून देणे, नोकरीसाठी शब्द टाकणे, आजारपणात जवळ बसणे आणि कोणी गेला तर त्याच्या धर्माच्या रीतीने त्याला पोचवणे. वार्षिक अहवालात ओणमचा कार्यक्रम आणि पदाधिकाऱ्यांची नावे छापली जातात. ही कामे कुठेच छापली जात नाहीत, पण संस्था यांच्यावर उभी असते.

मलबारी मुसलमानांची वाट थोडी निराळी. ते कारकुनीपेक्षा धंद्यात जास्त. चहाची दुकाने, खानावळी, कापड, किरकोळ व्यापार. नॉर्थ ब्रिज रोडवर सुलतान मशिदीसमोर ‘झमझम’ नावाची खानावळ आहे. मूळच्या केरळच्या अब्दुल कादर यांनी ती १९०८ साली सुरू केली. तव्यावर पातळ पोळी हाताने झटकत, ताणत कागदासारखी करायची, त्यात खिमा, कांदा आणि अंडे घालून चारी बाजूंनी पाकिटासारखी घडी घालायची, असा तिथला मुर्तबाक आपण सगळ्यांनीच रस्त्यावर उभे राहून पाहिला आहे. ही खानावळ १९१७ च्या समाजमपेक्षाही वयाने मोठी आहे. याच मंडळींनी १९२७ मध्ये ‘मलबार मुस्लिम जमात’ स्थापन केली. धर्मशिक्षण, लग्नकार्य, दफनविधी आणि आपसातली मदत ही तिची कामे. समाजममध्ये हे होऊ शकले नसते आणि समाजमने ते करावे अशी अपेक्षाही कोणी ठेवली नाही.

त्याच १९२७ साली आणखी एक मलयाळी गृहस्थ या भागात आले. के. पी. केशव मेनन. ‘मातृभूमी’ या दैनिकाचे संस्थापक-संपादक आणि १९२४ च्या वायकोम सत्याग्रहाचे एक नेते. वायकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून खालच्या मानलेल्या जातींना चालायलाही बंदी होती. ती उठवण्यासाठीचा तो लढा होता. पुढे मेनन सिंगापुरात वकिली करू लागले. १९२७ म्हटले की आपल्याला महाडचे चवदार तळे आठवते. पश्चिम किनाऱ्याच्या दोन टोकांना एकच प्रश्न पेटला होता, आणि तो घेऊनच माणसे बोटीत बसत होती. बोटीवर जात मागे राहते असे लोक म्हणतात. ती तेवढ्याने मागे राहत नाही, हे या समाजाच्या पुढच्या इतिहासात दिसते, आणि तिच्यावर त्यांनी काढलेला तोडगाही दिसतो.

इथल्या मलयाळी समाजाला आकार आला तो सेंबावांगच्या नाविक तळामुळे. ब्रिटिशांनी सिंगापूर बेटाच्या उत्तर टोकाला तळ बांधायचे ठरवले ते १९२३ मध्ये, आणि किंग जॉर्ज सहावा यांच्या नावाची प्रचंड सुकी गोदी उघडली १४ फेब्रुवारी १९३८ ला. बांधकामाला, मग कोठारांना, कार्यशाळांना आणि कचेऱ्यांना माणसे लागली. मलयाळी माणसे एकामागून एक आली. भाऊ आला की मेहुण्याला बोलवायचा, मेहुणा आला की गावातल्या मास्तरांच्या मुलाला. महायुद्धानंतर ही वस्ती आणखी दाट झाली. सेंबावांग आणि चाँग पांगच्या परिसरात मलयाळी दुकाने, मलयाळी चहा, मलयाळी वर्तमानपत्र अशी एक दुनियाच तयार झाली. तळाच्या फाटकातून आत गेले की इंग्रजांचे राज्य, बाहेर आले की घरचा आवाज.

पण त्याआधी युद्ध आले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. पुढची साडेतीन वर्षे उपासमारीची आणि भीतीची होती. त्याच काळात आझाद हिंद चळवळीत मलयाळी मंडळी आघाडीवर दिसतात. रासबिहारी बोस यांच्या अध्यक्षतेखालच्या कृतिसमितीत पेनांगचे वकील एन. राघवन आणि केशव मेनन हे दोघे होते. पुढे मेनन यांचे जपान्यांशी पटले नाही आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. त्रावणकोरच्या वक्कम गावाचा अब्दुल खादर नोकरीसाठी मलायात आलेला तरुण. पेनांगच्या स्वराज संस्थेत शिक्षण घेऊन तो गुप्त कामगिरीवर भारतात उतरला, पकडला गेला आणि १० सप्टेंबर १९४३ ला मद्रासच्या तुरुंगात फासावर गेला. १९४० पासून सिंगापुरात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन यांची आई पालघाटकडची. सुभाषबाबूंनी स्त्रियांची पलटण उभारली, तिला झाशीच्या राणीचे नाव दिले आणि लक्ष्मींकडे नेतृत्व सोपवले. ऑक्टोबर १९४३ मध्ये वॉटर्लू स्ट्रीटवर या पलटणीची छावणी सुरू झाली. आपल्यापैकी अनेक जण देवदर्शनाला त्या रस्त्याने जातात. आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ जगन्नाथराव भोसले हे आपल्या सावंतवाडीकडचे. हा इतिहास दोन्ही समाजांच्या सामाईक खात्यावर जमा आहे आणि आपल्या मुलांना तो त्या रस्त्यावर उभे करून सांगायला हवा.

युद्ध संपल्यावर संस्थांना खरा बहर आला. १९४८ मध्ये श्री नारायण मिशन स्थापन झाले. नारायण गुरू १९२८ साली समाधिस्थ झाले. त्यांनी १८८८ मध्ये अरुविप्पुरमला स्वतःच्या हाताने शिवलिंगाची प्रतिष्ठापना केली होती. ज्या जातीत ते जन्मले तिला तो अधिकार नाही, असे मानणाऱ्यांना दिलेले ते उत्तर होते. मनुष्यमात्राची जात एक, धर्म एक आणि देव एक, ही त्यांची शिकवण. शिका आणि संघटित व्हा हा त्यांचा आग्रह. ज्यांना जोतीरावांचा सत्यशोधक समाज माहीत आहे त्यांना या माणसाची उंची वेगळी सांगायला नको. सिंगापुरातल्या अनुयायांनी गुरूंच्या नावाने एक सभागृह बांधून दर वर्षी जयंती केली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी पुढे काय केले ते थोड्या वेळाने सांगतो.

नाविक तळावरच्या कामगारांनी ‘नेव्हल बेस केरळ लायब्ररी’ काढली. हे वाचून मला विशेष भरून आले. केरळात पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ पासून गावोगावची वाचनालये एका संघात गुंफली. चहाच्या दुकानात एक जण वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो आणि दहा जण ऐकतात, हे तिथले रोजचे दृश्य. ती सवय माणसे परदेशी घेऊन गेली. दिवसभर जहाजाच्या पोटात काम करून आलेला फिटर संध्याकाळी मातृभाषेतले पुस्तक मागतो आणि ते मिळावे म्हणून पगारातून वर्गणी देतो. वाचनालयाच्या जोडीला हौशी नाटके आली, वादविवाद आले, राजकारण आले. आपल्या गिरणगावात जे घडले त्याच्याशी याचे नाते आहे. पुस्तक, नाटक आणि युनियन तिथेही एकाच चाळीत राहत.

युनियनच्या वाटेने मलयाळी माणूस या देशाच्या घडणीत शिरला. सी. व्ही. देवन नायर १९२३ मध्ये मलाक्कात जन्मले. वडील तलश्शेरीकडचे, रबराच्या मळ्यावर कारकून. रबराचे भाव कोसळल्यावर कुटुंब सिंगापुरात आले. देवन नायर शिक्षक झाले, संघटक झाले, ब्रिटिशांनी त्यांना दोनदा स्थानबद्ध केले. १९६१ मध्ये राष्ट्रीय कामगार संघटना काँग्रेस, म्हणजे आपण ज्याला एनटीयूसी म्हणतो ती स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे १९७३ मध्ये या संघटनेने वाजवी दरात धान्य-किराणा मिळावा म्हणून सहकारी दुकान उघडले. आज ज्या फेअरप्राइसमध्ये आपण कोथिंबीर आणि दूध घेतो, तिचे मूळ तिथे आहे. देवन नायर १९८१ ते १९८५ सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष होते. जेम्स पुथुचेरी हे दुसरे नाव. आझाद हिंद सेनेत लढलेला हा मलयाळी कुटुंबातला तरुण ‘फजर’ या विद्यार्थी नियतकालिकावरच्या १९५४ च्या राजद्रोहाच्या खटल्यात आरोपी होता, आणि मलायाची संपत्ती कोणाच्या हातात आहे याचा हिशेब मांडणारे त्याचे पुस्तक आजही अभ्यासक वाचतात. दोघांचे रस्ते पुढे फुटले. एक राष्ट्राध्यक्षपदी गेला, दुसऱ्याने तुरुंग आणि हद्दपारी पाहिली. एका समाजाने दोन्ही माणसे दिली, आणि दोन्ही त्याच्या इतिहासात असायला हवीत.

जमातीच्या मशिदीची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत आवडते. व्हिक्टोरिया स्ट्रीट आणि जलान सुलतान यांच्या कोपऱ्यावरची ही मशीद. १९५६ मध्ये कोनशिला बसली. काम सुरू झाले आणि पैसे संपले. चहाच्या दुकानांच्या आणि खानावळींच्या गल्ल्यातून निघणारा निधी तो किती! काम रखडत, थांबत, पुन्हा सुरू होत राहिले. वास्तुविशारद ए. एच. सिद्दिक यांनी आराखड्याचा मोबदला घेतला नाही. मुसलमानांनी वर्गणी दिली आणि बिगरमुस्लिमांनीही दिली. अखेर २४ जानेवारी १९६३ ला युसुफ इशाक यांच्या हस्ते उद्घाटन झाले. युसुफ इशाक म्हणजे पुढचे पहिले राष्ट्राध्यक्ष, ज्यांचे चित्र आपल्या खिशातल्या नोटांवर आहे. सोनेरी घुमट आणि अंगभर निळ्या फरशा असलेली ही वास्तू आज पर्यटक छायाचित्रांसाठी शोधत येतात. त्या निळ्या फरशा बऱ्याच नंतरच्या, नव्वदच्या दशकातल्या. आधीची मशीद साधी होती. जवळ जाऊन पाहिले तर फरशांच्या भौमितिक नक्षीत निळ्याच्या कितीतरी छटा दिसतात, आणि शेजारी जुन्या मलाय कबरस्तानातली झाडे. सिंगापुरात मलबारी मुसलमानांची अशी ही एकच मशीद. सात वर्षे एखादी इमारत पूर्ण करत राहणाऱ्या छोट्या समाजाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

खाण्याचा उल्लेख केला नाही तर इतिहास अपुरा राहील. एम. जे. गोमेझ या मलयाळी गृहस्थांनी १९४९ मध्ये माशाच्या डोक्याचे कालवण आपल्या खानावळीत ठेवले. चिनी गिऱ्हाइकांना माशाचे डोके प्रिय आणि केरळी स्वयंपाक्याच्या हातात आंबटतिखट रश्शाची कला. दोन्ही जमले. केरळात अशी वेगळी डिश नव्हती. ती इथे जन्मली आणि आज या देशाची मानली जाते.

१९६८ चा जानेवारी मात्र काळा ठरला. ब्रिटनने आपले सैन्य आणि आरमार १९७१ पर्यंत सिंगापुरातून काढून घेण्याचे जाहीर केले. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा ब्रिटिश तळांवर अवलंबून होता, मग तळाच्या फाटकाशी राहणाऱ्या समाजाचे काय झाले असेल! १९५७ च्या कायद्यानुसार ज्यांनी नागरिकत्व घेतले होते त्यांना निदान पाय टेकायला जागा होती. ज्यांनी घेतले नव्हते त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. अर्धे आयुष्य इथे गेलेले, बायकामुले तिथे, आणि नोकरी दोन्हीकडे नाही. अनेक जण ग्रॅच्युइटी घेऊन केरळला परतले. गोदीचे सेंबावांग शिपयार्डमध्ये रूपांतर झाले आणि काही जणांना तिथे काम मिळाले. क्वार्टर्स रिकाम्या झाल्या, ओळखीचे शेजार विखुरले, सरकारी गृहनिर्माणाच्या उंच इमारतींमध्ये ज्याला जिथे घर मिळाले तो तिथे गेला. फाटकाजवळ उभ्या राहिलेल्या संस्थांच्या खालची जमीनच सरकली.

इथे मिशनकडे परत येतो. १९७९ मध्ये श्री नारायण मिशनने आजारी आणि निराधार वृद्धांसाठी निवास सुरू केला. आज यिशूनला त्यांचे शुश्रूषागृह चालते. त्याचे दरवाजे सर्व वंशांना आणि सर्व धर्मांना उघडे आहेत. चिनी आजोबा, मलाय आजी, तमिळ, मलयाळी, कोणीही. जातीच्या अपमानातून उठलेल्या एका चळवळीने परदेशात जाऊन ज्यांना कोणी नाही अशांचे अंथरूण-पांघरूण सांभाळले. गुरूंच्या शिकवणीचा याहून चांगला अर्थ कोणी लावला असेल असे मला वाटत नाही. परदेशातल्या भारतीय संस्थांनी काय करावे, असा प्रश्न कोणी विचारला तर मी त्याला यिशूनला घेऊन जाईन.

भाषेच्या बाबतीत मात्र या समाजाने बरेच गमावले, आणि त्याला तो एकटा जबाबदार नाही. सिंगापुरात शाळेत इंग्रजीच्या जोडीला मातृभाषा शिकावी लागते, आणि भारतीयांची मातृभाषा म्हणून तमिळला अधिकृत स्थान आहे. मलयाळी मुले पिढ्यान् पिढ्या तमिळ किंवा मलाय शिकली. १९९० च्या सुमारास हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू या पाच भाषांना परीक्षेसाठी मान्यता मिळाली. त्यांत मलयाळम नाही, आणि मराठीही नाही. आपली मुले हिंदी घेतात. २०१० च्या जनगणनेत इथे सुमारे २६ हजार मलयाळी रहिवासी होते. भारतीयांमध्ये तमिळांखालोखाल ही संख्या, तरी शाळेच्या वेळापत्रकात त्यांच्या भाषेचा तास नाही. समाजमच्या शताब्दीच्या वर्षी अनिता देवी पिल्लै आणि पुवा अरुमुगम यांनी इथल्या मलयाळी माणसांच्या आठवणी गोळा करून एक मोलाचे पुस्तक केले. ते इंग्रजीत आहे. तिसऱ्या पिढीने वाचावे असे वाटत असेल तर दुसरा मार्ग नव्हता, हे मी समजू शकतो. ज्यांच्या आजोबांनी गोदीच्या दारात मलयाळम वाचनालय चालवले त्यांच्या नातवंडांसाठी हे करावे लागले, याचे वाईट वाटते ते वाटतेच.

नव्वदच्या दशकापासून केरळमधून पुन्हा माणसे येऊ लागली. संगणक अभियंते, परिचारिका, प्राध्यापक, शिपयार्डमधले वेल्डर. त्यांची मलयाळम ताजी, त्यांच्या मोबाइलवर गावाकडचे चित्रपट त्याच आठवड्यात पोचतात. जुन्या घराण्यांची इंग्रजी सिंगापुरी आणि आठवणी सेंबावांगच्या. दोघांना एका पंगतीत बसवण्याचे काम आज असोसिएशन करते, आणि ती पंगत ओणमच्या सद्येची. केळीच्या पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. आधी डावीकडे केळ्याचे वेफर आणि गुळात घोळलेले जाड तुकडे, मग आल्याचे गोडतिखट लोणचे, वरच्या बाजूला तोरन, ओलन, काळन, नारळ आणि दह्यातला अवियल. भात आला की वरण आणि तूप, मग सांबार, मग रसम, आणि शेवटी पायसम. जेवण झाले की पान आपल्याकडे दुमडायचे. महाबली राजा वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येतो, त्याचा हा सण. आपल्या घरी दिवाळीच्या पाडव्याला बळीचे राज्य येवो म्हणणाऱ्यांना त्या पानावर परके वाटण्याचे कारण नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिघेही मलयाळी त्या रांगेत शेजारी बसतात. वर्षभर ज्याच्या त्याच्या संस्थेत असणारी माणसे त्या दिवशी समाजममध्ये येतात. वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळ्या संस्था आणि सर्वांसाठी एक पंगत, ही व्यवस्था कोणी ठरवून आखलेली नाही. शंभर वर्षांत ती वापरून वापरून बसली आहे.

आपले मंडळ या मानाने तरुण आहे. आपल्याकडे गोदी नव्हती, फाटक नव्हते, बोटीवरून उतरलेली पहिली पिढी नव्हती, असे समजून आपण जुने कागद टाकून देतो. १९७९ पासून सिंगापूर सरकारचे मौखिक इतिहास केंद्र साध्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत आले आहे. आपल्यातले जे ज्येष्ठ सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आले, त्यांच्याशी बोलणे यंदाच व्हायला हवे. ज्या घरांत मंडळाच्या जुन्या निमंत्रणपत्रिका, वर्गणीच्या पावत्या, गणेशोत्सवाची छायाचित्रे, हौशी नाटकांची हस्तलिखिते किंवा पहिल्या सभांची टिपणे असतील त्यांनी ती कार्यवाहांकडे आणून द्यावीत. छायाचित्राच्या मागे साल आणि माणसांची नावे आधी लिहावीत, मूळ प्रती परत मिळतील. आणि येत्या ओणमला, पंगतीचे कूपन काढून, समाजमच्या पानावर एकदा तरी बसून यावे.